किनुयोआजीच्या नावाची पाटी

मी एक जुनी लाकडी पाटी आहे. लांबीला वीतभर, रुंदीला चार बोटं, जात देवदाराची. माझ्या अंगावर छिन्नीने कोरलेलं एकच नाव आहे, हागा किनुयो. मित्रांनो, पाटीजवळ मिरवण्यासारखं दुसरं काही नसतं. हात नाहीत, पाय नाहीत, गळ्यात आवाज नाही. जे काही आहे ते नाव. म्हणून शेजारच्या नावाला कुणी जास्त भाव दिला की माझ्या पोटात दुखतं. मला पोट नाही, तरी दुखतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, म्हणजे पुढे माझ्या बोलण्यात तिखट लागलं तर तुम्ही दचकणार नाही.

जपानच्या कोची भागातल्या डोंगरातलं कामिनोसे हे माझं गाव. पोरंबाळं सगळी ओसाकाला, टोकियोला. मागे राहिलेले म्हातारे शेती करतात आणि एकमेकांच्या शेतात डोकावतात. या गावच्या रस्त्याला शेतकऱ्यांनी मिळून एक दुकान काढलं. आपला माल सकाळी आपणच आणून मांडायचा, उरलेला संध्याकाळी आपणच उचलून न्यायचा. मधे दलाल नाही, अडत्या नाही. आणि ज्याचा माल त्याचं नाव त्याच्या खोक्याच्या वर टांगायचं, हा दुकानाचा पहिला नियम होता. कुणाच्या पोटात काही गेलं तर ते कुणाच्या बांधावरून आलं, हे समजायला हवं ना!

किनुयोआजीचा नवरा तोराकिची तेव्हा न्हाणीघराचं छप्पर दुरुस्त करत होता. उरलेल्या फळीचा तुकडा त्याने गुडघ्यावर धरला आणि ओठांत विडी ठेवून अक्षरं कोरली. आजीने जवळ येऊन पाहिलं तर त्यात त्याचं स्वतःचं नाव नव्हतंच. शेत त्याच्या नावावर, घर त्याच्या नावावर, दाराची पाटी त्याच्या नावाची. गावात आजीला सगळे 'हागाची बायको' म्हणत. आजी म्हणाली, हे काय भलतंच? तो म्हणाला, पात तू पिकवतेस, मी फक्त खातो. विषय संपला. त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात तो गेला. त्यामुळे आजीचं स्वतःचं म्हणावं असं नाव जगात एकाच ठिकाणी लिहिलेलं राहिलं, ते माझ्या अंगावर.

आजी पिकवायची लसूणपात. चपटी, गडद हिरवी, लसणासारख्या उग्र वासाची. अंड्यात परता, नाहीतर सूपमध्ये घाला, वास शेजारच्या घरापर्यंत जातो. गिऱ्हाईक आलं की आधी मान वर करून मला वाचायचं आणि मग खोक्यात हात घालायचं. खालच्या शहरातून येणाऱ्या बायका तर माझ्यावर बोट ठेवून एकमेकींना सांगायच्या, हिचीच घे. त्या बोटांनी माझा एक कोपरा गुळगुळीत झाला आहे. सकाळी आजी डोक्याचा रुमाल सोडून त्याच्या टोकाने मला पुसायची आणि पुसता पुसता घरचं सारं सांगायची. ते दिवस सुखाचे होते. सुखाचे अशासाठी, की शेजारच्या खिळ्यावरची पाटी माझ्याहून भिकार होती.

ती पाटी मिनेगिशी हात्सुएची. हात्सुए आणि आजी एकाच वर्षी या गावात लग्न होऊन आल्या. शेताला शेत लागून, घराला घर लागून. दोघीही पातच लावायच्या. एकीने मुळा पाठवला की दुसरीने लोणचं पाठवायचं, भांडं कधी रिकामं परत करायचं नाही, ही इथली रीत. ती रीत दोघींनी जन्मभर पाळली आणि जन्मभर एकमेकींच्या भांड्यात डोकावून पाहिलं. हात्सुएची पाटी म्हणजे पुठ्ठ्यासारखी फळी, वर शाईने खरडलेलं नाव. दमट हवेत शाई ओघळायची. मी ते पाहून मनातल्या मनात हसायची.

मग हात्सुएची सून रिसा शहर सोडून गावात राहायला आली, आणि माझे ग्रह फिरले. त्याच सुमाराला दुकानाचे व्यवस्थापक ओताके यांनी लेबलं आणली. प्रत्येक पिशवीवर शेतकऱ्याचं नाव आणि शेजारी काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन. फोन त्याच्यासमोर धरला की शेत कुठलं, फवारणी कधी, कापणी कधी, सगळं दिसायचं. आजीलाही लेबलं मिळाली. चिकटवायला तिला वेळ लागायचा, पण ती चिकटवायची. इथवर माझी काही तक्रार नव्हती. चौकोनाला कोण वाचतं, लोक मलाच वाचत होते.

पण रिसाने सासूची ती ओघळलेली पाटी उतरवली आणि तिथे हात्सुएचा फोटो लावला. केवढा मोठा! गवती टोपी, हातात पातीची जुडी, आणि तोंडभर हसू. हात्सुएला इतकं हसता येतं हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. गिऱ्हाईकं आली की फोटोपुढे थबकायची, किती गोड आजी म्हणायची आणि तिच्या खोक्यात हात घालायची. काही तर फोटोचा फोटो काढायची. कानामागून आली आणि तिखट झाली, ती ही. तिचं खोकं चहाच्या वेळेआधीच रिकामं व्हायचं आणि आमच्या खोक्यात दुपार उलटली तरी पात सुकत पडायची. ते दात दिवसभर माझ्या शेजारी चमकत असायचे. मी जळत होते, मित्रांनो. देवदार चांगला जळतो.

आजीलाही ते खुपत होतं. संध्याकाळी उरलेली पात उचलताना ती फोटोकडे पाहायची नाही, मुद्दाम माझ्याकडे पाहायची. एकदा पुसताना हळूच म्हणाली, "दात तिचे चांगले, पात माझी चांगली. पण लोक दातच बघतात." मला वाटलं, माझ्याच मनातलं बोलली.

थंडी सरत आली होती, तेव्हाची गोष्ट. हात्सुएने आजीच्या दारात बांबूचे कोवळे कोंब ठेवले, हंगामातले अगदी पहिले. आता परत काहीतरी द्यायला हवं. आजीने ठरवलं, पातच द्यायची, आणि अशी द्यायची की हात्सुएने तोंडात बोट घालावं. पहाटे धुकं दाट होतं. आजी कापत कापत वाफ्याच्या पार टोकापर्यंत गेली. एरवी ती तिथवर कधीच जात नसे, बांधाच्या अलीकडे दोन हात थांबायची. कारण त्या बांधावर तोराकिचीने नर्गिसचे कांदे लावले होते. नर्गिसचा कांदा विषारी, त्यामुळे चिचुंद्र्या आणि घुशी बांध पोखरत नाहीत. इथे बरेच जण लावतात. फुलं आली की नर्गिस लांबूनही ओळखू येते. पण त्या सावलीच्या टोकाला अजून फुलं नव्हती, आणि नुसती पानं पाहिली तर पातीची सख्खी बहीण. वास घेतला असता तर कळलं असतं. पण तोवर आजीचे हात, विळा, टोपली, सगळ्यालाच पातीचा वास लागला होता.

उजाडल्यावर आजीने भरगच्च जुड्या हात्सुएच्या उंबऱ्यावर ठेवल्या आणि रीतीप्रमाणे म्हणाली की नुसतं तण आहे, आवडलं नाही तर कोंबड्यांना घाल. उरलेल्या पातीच्या पिशव्या भरून, त्यांवर आपल्या नावाची लेबलं लावून ती दुकानात आली. मला पुसताना तिने हे सगळं सांगितलं. फार दिवसांनी तिचा चेहरा खुलला होता. म्हणाली, बघू दे जरा तिलाही.

त्या दिवशी हात्सुएचं खोकं नेहमीपेक्षा लवकर संपलं. ओताकेंनी फोन केला आणि थोड्याच वेळात रिसा आणखी पिशव्या घेऊन आली. तिने त्या खोक्यात रचल्या तशी माझी नजर जुड्यांच्या बुडाकडे गेली. बूड तिरपं कापलेलं. अख्ख्या कामिनोसेत असं तिरपं कोण कापतं? डावखुरी किनुयोआजी! म्हणजे आमची पात, वर हात्सुएचं लेबल, आणि त्याच्याही वर हात्सुएचे दात. भेट म्हणून दिलेली भाजी सुनेने आपली म्हणून विकायला काढली होती. तिच्या मनात पाप नसेलही. घरात आलेली वस्तू घरची, एवढाच तिचा हिशोब असेल. पण माझ्या अंगाची लाही लाही झाली. एक बाई म्हणाली, "हात्सुआजीची पात आज किती हिरवीगार आहे." मला ओरडून सांगावंसं वाटलं की ती आमची आहे, आमची! पण पाटीला ओरडता येत नाही.

आमच्या पिशव्याही त्या दिवशी सगळ्या गेल्या. पण मला त्याचं काही सुख झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानातला फोन वाजला आणि ओताकेंचा चेहरा उतरला. खालच्या शहरातल्या एका निवृत्त बसचालकाने आणि त्याच्या बायकोने रात्री अंड्यात पात परतून खाल्ली होती. अर्ध्या तासात दोघांना ओकाऱ्या सुरू झाल्या. दोघंही दवाखान्यात होती, जिवावरचं टळलं होतं. फ्रिजमध्ये उरलेल्या जुडीत आरोग्य खात्याला नर्गिसची पानं सापडली. पिशवीवर लेबल होतंच. ठिपक्यांच्या चौकोनासमोर फोन धरला आणि नाव आलं, मिनेगिशी हात्सुए.

ओताकेंनी सगळ्यांचीच पात फळीवरून उतरवली. हात्सुएच्या पिशव्या नेणाऱ्या गिऱ्हाईकांचे नंबर रिसाच्या फोनमध्ये होते, त्यांना ती रडत रडत फोन करत सुटली. आणि तो फोटो ओताकेंनी भिंतीवरून उतरवला, तोंड भिंतीकडे करून कोपऱ्यात उभा केला. दुकानभर कुजबुज चालली होती की हसून काय होतं, शेतात लक्ष नको का. मला आनंद झाला. माझ्या शेजारची जागा आता रिकामी होती. दोन माणसं दवाखान्यात पडली आहेत हे मला ठाऊक होतं, तरी झाला.

दुपारी आरोग्य खात्याच्या इनागाकीबाई हात्सुएचं शेत पाहून आल्या. त्या बुचकळ्यात पडल्या होत्या. लेबलावरून शेत बरोबर सापडलं, पण त्या शेतात आणि त्याच्या बांधावर नर्गिसचं एक पान नव्हतं.

दुकान बंद होण्याच्या वेळेला शेतकरी उरलेला माल उचलायला जमले. किनुयोआजीही आली. इनागाकीबाईंनी बसचालकाच्या फ्रिजमधली ती उरलेली जुडी कागदावर सोडली होती. पलीकडे हात्सुए उभी होती, मागे रिसा. बाईंनी शांतपणे विचारलं, की तुमच्या पातीत बाहेरची पात मिसळली होती का. रिसाने तोंड उघडलं, पण हात्सुएने तिचं मनगट धरलं आणि म्हणाली, "लेबल माझ्या नावाचं आहे ना? मग माझीच."

ती असं का म्हणाली? दुसऱ्याची भाजी आपली म्हणून विकली हे चारचौघांत कबूल करायची लाज, की ज्याने भेट दिली त्याचं नाव पुढे करायचं नाही ही मर्यादा? मैत्री की ताठा, मला आजही उलगडलेलं नाही. तिच्याबद्दल चांगला विचार करायची मला सवय नाही.

ओताके म्हणाले, चला, मिनेगिशींच्या सगळ्या पिशव्या परत आल्या आहेत, निदान पुढचा धोका टळला. आणि लोक आपापली खोकी उचलू लागले.

आजी मात्र कागदावर वाकून पाहत होती. जुडीचं बूड तिरपं होतं. तिने पाहिलं आणि आपल्याच विळ्याची कापणी ओळखली. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला लख्ख दिसत होतं, कारण माझ्याही मनात तेच होतं. गप्प बसलं की झालं. लेबल हात्सुएचं, नाव हात्सुएचं, बदनामी हात्सुएची. आमचं नाव स्वच्छ. उद्यापासून लोक पुन्हा मान वर करून मला वाचतील. पण त्याच टोपलीतली पात आमच्या पिशव्यांतून कुणाकुणाच्या घरी गेली होती, आणि ती कुणीही शोधत नव्हतं. बाहेर ऊन कलत होतं. घराघरांत स्वयंपाकाची वेळ होत आली होती.

आजीने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी मनात म्हणत होते, गप्प बस, आजी, गप्प बस.

"ही कापणी माझी आहे," आजी म्हणाली.

ओताके म्हणाले, "काकू, लेबल मिनेगिशींचं आहे. तुम्ही उगाच मधे पडू नका."

"लेबल तिचं असेल, पात माझी आहे. काल सकाळी मीच तिला दिली. नर्गिस माझ्या बांधावर आहे. आणि त्याच टोपलीतली उरलेली मी इथे विकली, माझ्या नावाने. ती कुणी शोधतंय का?"

"किनू, गप्प बस गं," हात्सुए म्हणाली.

"तू गप्प बस. जन्मभर टकळी चालवलीस आणि आज बरी दातखीळ बसली तुझी."

"मग काय करू? लोकांसमोर तुझं नाव घेऊ?"

"माझं नाव मला घेता येतं," आजी म्हणाली.

मग इनागाकीबाईंनी पटकन विचारलं, पिशव्या कुणी नेल्या ते माहीत आहे का. कुणालाच माहीत नव्हतं. गावातलीच गिऱ्हाईकं होती, रोख देऊन गेलेली. ओताके म्हणाले, गावाच्या भोंग्यावरून सांगू या. खोऱ्यात खांबाखांबावर भोंगे आहेत. रानडुक्कर उतरलं, एखादा आजोबा वाट चुकला, की ग्रामकचेरीतून त्यांवर सांगतात. पण ओताके भला माणूस. आजीचा चेहरा पाहून ते म्हणाले की नाव नको घ्यायला, नुसतं 'एका शेतकऱ्याची पात' असं सांगू.

आजी म्हणाली, "लोक नाव बघून घेतात. नाव सांगितलं नाही तर ओळखतील कशी? माझी पिशवी फ्रिजमध्ये तशीच राहील आणि लोक दुसऱ्याची पात फेकून देतील."

मग तिने चवड्यांवर उभं राहून मला खिळ्यावरून काढलं आणि पदराआड धरावं तसं एप्रनच्या खिशात घातलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्या भिंतीवरून उतरले. खिशात अंधार होता आणि पातीचा वास होता. तिथेच मी ते ऐकलं. भोंगे खरखरले आणि ग्रामकचेरीतल्या मुलीचा आवाज आला, की काल दुकानातून 'हागा किनुयो' या नावाची लसूणपात कुणी नेली असेल तर खाऊ नये, ती दुकानात परत आणावी. हागा किनुयो. पुन्हा एकदा, हागा किनुयो. एका खांबावरून नाव निघायचं, पुढच्या खांबावर जायचं, समोरच्या डोंगरावर आदळून परत यायचं. आजी दुकानाच्या दारात उभी राहून शेवटपर्यंत ऐकत होती. तिचा हात खिशात माझ्यावर होता.

लोक येऊ लागले. कुणी सायकलवर, कुणी छोट्या ट्रकमधून. कुणी पिशवी जशीच्या तशी आणली. एक बाई तर अख्खी कढईच घेऊन आली, आत अंडी घालून परतलेली पात, अजून वाफा येत होत्या. तिने ती आजीसमोर ठेवली आणि वाकून नमस्कार केला. आजी त्याहून खाली वाकली. प्रत्येकापुढे ती अशीच वाकत होती. सगळ्यांत शेवटी नदीपलीकडून एका म्हाताऱ्याचा फोन आला. सूप वाटीत वाढून झालं होतं, बायकोला ऐकू येत नाही, त्याने नाव ऐकलं आणि तिच्या हातातली वाटी काढून घेतली. इनागाकीबाईंनी तपासलं तेव्हा त्या सूपमध्ये नर्गिस होती.

दुसऱ्या दिवशी आजी बांधावरचे कांदे खणायला बसली. तोराकिचीने लावलेला एकेक कांदा ती उपटत होती आणि नाक ओढत होती. न बोलावता हात्सुए आपलं खुरपं घेऊन आली. दोघींनी मिळून बांध मोकळा केला आणि दिवसभर एकमेकींना तू चुकीचं खणतेस म्हणून ऐकवलं. तेव्हापासून दुकानात एक नवा नियम आहे, की शेजाऱ्याने दिलेली भाजी घरच्या चुलीसाठी, ती आपल्या लेबलाखाली घालायची नाही. बसचालक आणि त्याची बायको बरी होऊन घरी गेली. आजी फळांची करंडी घेऊन त्यांच्या दारात जाऊन आली. त्यांनी काय म्हटलं ते तिने मला सांगितलं नाही.

मी आता आजीच्या पडवीत असते, भाजी धुवायच्या टाकीवर. दुकानात परत यायला ओताके सांगून गेले, पण आजी म्हणते, अजून नाही. हात्सुएचा फोटो मात्र पुन्हा भिंतीवर चढला, तेच दात, तेच हसू. परवा हात्सुए येऊन सांगत होती, की तुझा खिळा मी कुणाला घेऊ दिलेला नाही. हे चांगलं काम तिने करावं, याचाही मला राग आला.

मित्रांनो, ताटात भाजी आली की विचारत जा, बाई, तू कुणाच्या बांधावरची? आणि उद्या तुम्ही कशावर आपलं नाव लावाल तेव्हा आत काय आहे ते आधी पाहा, एकेक पान वेगळं करून पाहा. पाटी पुसून चकचकीत ठेवणं सोपं असतं. वाईट दिवशी तेच नाव मोठ्याने घ्यावं लागतं, तेव्हा ते घेणारा माणूसही तसाच लागतो.

हात्सुएचा फोटो रस्त्यापलीकडूनही दिसतो म्हणे. दिसू दे. माझं नाव त्या संध्याकाळी सगळ्या खोऱ्याने ऐकलं, आणि ऐकून लोकांनी तोंडाशी आलेला घास खाली ठेवला. असा मान मला नको होता. पण तो दुसऱ्या कुणाच्या नावाला मिळाला असता, तर तेही मला सहन झालं नसतं.